फोन ग्राहकाचा, निवड कंपनीची

विकत घेतलेल्या वस्तूवर मालकी कोणाची? प्रश्न वरकरणी बाळबोध वाटतो. अमेरिकेत २०१० साली व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने सॅमसंगचा ‘फॅसिनेट’ विक्रीस आणला. प्रणाली गूगलची अँड्रॉइड, शोधयंत्र मात्र मायक्रोसॉफ्टचे बिंग. आणि ते बदलण्याची सोयच ठेवलेली नव्हती! मायक्रोसॉफ्टशी २००९ मध्येच पाच वर्षांचा करार झाला होता. पैसे मोजले ग्राहकाने, त्याची निवड मात्र परस्पर विकली गेली.

म्हणून गूगलला बिचारे समजण्याचे कारण नाही. हाच व्यवहार त्याने कितीतरी पटींनी केला. पूर्वनिश्चित शोधयंत्राचे स्थान मिळवण्यासाठी एकट्या २०२१ मध्ये त्याने २६.३ अब्ज डॉलर वाटले, हे अमेरिकी न्यायालयात उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदारी बेकायदा टिकवल्याबद्दल दोषी ठरवले. ‘ग्राहक हवे तेव्हा बदलू शकतो’ हा युक्तिवाद खरा असता, तर एवढा पैसा कोणी ओतला असता?

आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा कुठे जानेवारी २०२३ मध्ये गूगलने नवा फोन सुरू करतानाच शोधयंत्र निवडू देण्याचे मान्य केले. वाचकांपैकी कितीजणांनी ती निवड डोळे उघडे ठेवून केली?