नाव नसलेला दगड



मागे एका सोयरिकीच्या निमित्ताने वेळापूरला जाणे झाले. माळशिरस तालुक्यातले, अकलूजजवळचे, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचे हे गाव. मुलाचे मामा यायला उशीर होता, म्हणून धाकट्या मुलीला बरोबर घेऊन गाव पाहायला निघालो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातली जुनी घरे धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडे, त्यावर मातीचे सपाट छप्पर. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून चोपायची, नाहीतर घरात गळती ठरलेली. अशा घरात माझा जन्म झाला. आज त्या जागी सिमेंटचे घर आहे. ते बांधल्याचा आनंद आहेच. पण जुन्या घराचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही, याची खंत वाटते.

वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे दगडी देऊळ यादवांच्या काळातले. राजा रामचंद्र यादवाच्या काळातले, म्हणजे सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे शिलालेख या गावी आहेत. राजाचे नाव दगडावर आहे, म्हणून ते आज आपल्याला कळते. त्याच परिसरात वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर मरून पडलेला असतो, पुष्कळदा शेजारी गाईंची रांग असते. म्हणजे गावची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला. वरच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य. अर्थ असा की, चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो.

मुलीने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "पप्पा, पण यांचे नाव काय?"

मी गप्प झालो. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नाही. चंद्र-सूर्य आहेत, तलवार आहे, गाई आहेत. ज्याने जीव दिला त्याचे नाव तेवढे नाही. त्याची जातही दगड सांगत नाही, आणि मीही उगाच सांगणार नाही.

मात्र एक गोष्ट नोंदलेली आहे. गावाची राखण, शिवेच्या भांडणात साक्ष, सरकारी कामाची धावपळ आणि मयताची बातमी परगावी पोचवणे ही कामे आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला होती. साऱ्या गावाच्या मरणाची वर्दी देणारा माणूस स्वतः मेला, तर त्याला गावाबाहेर पुरत आणि वर चार धोंडे ठेवत. पुढच्या पावसाळ्यात ते धोंडेही ओळखू येत नसत. या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली.

भीमा कोरेगावचा स्तंभ आपल्याला एवढा जवळचा का, हे मला त्या दिवशी नव्याने उमगले. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर उभारलेल्या त्या दगडावर नावे कोरली आहेत, आणि त्यातल्या कित्येक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी तेथे गेले. लढलेले पुष्कळ असतात. नाव कोरले गेले म्हणून हे आपल्याला सापडले.

मी पेशाने कारकून. ज्याची नोंद नाही तो कागदावर नाही, हे रोज टेबलावर पाहतो. घरी आल्यावर वडिलांना विचारले, "दादा, तुमच्या आजीचे नाव काय होते?" दादा बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सगळे तिला म्हातारीच म्हणायचे रे." ज्या बाईने दुष्काळात खडी फोडून माझ्या आजोबांना वाढवले, तिचे नाव चार पिढ्यांत पुसले गेले. यात दोष परक्याचा नाही. लिहिता येऊ लागल्यावरही आम्ही विचारले नाही.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी दोनशे पानी वही घ्या. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. आजोबा, पणजोबा, आणि आठवणीने आजी, पणजी यांची नावे, माहेरची गावे, कोण कोठे राबले ते लिहून काढा. जुने घर पाडण्याआधी त्याचा फोटो काढा. गावात वीरगळ असेल, तर त्याला ऑईलपेंट फासू नका, त्यावर धुणे धुऊ देऊ नका, तो जागचा हलवू नका. मुलांना तो खालून वर वाचायला शिकवा.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मुलीने वंशावळ काढली आहे. पणजोबांच्या आईच्या जागी तिने रिकामी चौकट ठेवली आहे. दादा अजून आठवत आहेत.