ताणाचे मूळ कोठे आहे?

विद्यापीठीय कर्मचाऱ्यांच्या मानसिक ताणावर ध्यानशिबिरांचा उतारा सुचविला जातो. तो अपुरा आहे. जुन्नर, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांत परिपत्रके येतात ती गणेशखिंडीहून; परीक्षा-अर्जातील घोळाचा जाब मात्र पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून एसटीने आलेल्या विद्यार्थ्याला खिडकीवरील कारकुनाने द्यायचा! अधिकार नाही, पण उत्तरदायित्व आहे. ताण उपजतो तो येथेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सेवाविषयक मागण्यांसाठी संपावर जावे लागले. संप हेच जर संवादाचे साधन उरत असेल, तर दोष कर्मचाऱ्यांच्या मनात नव्हे, व्यवस्थेत आहे. रिक्त पदे भरली पाहिजेत आणि परिपत्रक काढण्यापूर्वी तालुक्यातील कारकुनाचे मत घेतले पाहिजे. वेतनाइतक्याच आग्रहाने संघटनांनी हा हक्कही मागावा.