रब्बीचा अधिकार, समाजाचा आधार

रब्बी म्हणजे ज्यू समाजाचा धर्मशिक्षक आणि धर्मशास्त्राचा जाणकार. देव आणि भक्त यांच्यामध्ये उभा राहणारा मध्यस्थ अशी त्याची भूमिका नसते. सामुदायिक प्रार्थनेला त्याची उपस्थिती आवश्यकही नसते. तिला लागतात ते वयात आलेले दहा ज्यू. परंपरावादी सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, या दहांत तेरा वर्षांवरील पुरुषच मोजले जातात, सुधारणावादी पंथांत स्त्रियाही. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात.

जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर तेथील बळी आणि नैवेद्याचे विधी ‘कोहेन’ या वंशपरंपरागत पुरोहितांच्या हाती होते. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले आणि पुरोहितांचे मुख्य कामच संपले. योहानान बेन झक्काई व त्यांच्या शिष्यांनी यावने या गावी अध्ययनाचे केंद्र चालवले आणि विधींची जागा प्रार्थनेने व ग्रंथाभ्यासाने घेतली. सुमारे 200 मध्ये यहुदा हनासी यांनी मौखिक कायद्याचे ‘मिश्ना’ हे संकलन सिद्ध केले. त्यावरील चर्चांतून पुढच्या काही शतकांत तालमूद आकाराला आला. कोहेनपद जन्माने मिळत होते. रब्बीपद अभ्यासाने मिळू लागले. मंदिर आणि देश दोन्ही गमावूनही हा धर्म टिकला, त्याचे मोठे श्रेय या बदलाला द्यावे लागते.

विद्येवर पोट भरू नये, असा जुन्या रब्बींचा कटाक्ष होता. थोर धर्मशास्त्री मायमोनिडीस (1138–1204) इजिप्तमध्ये वैद्यकी करून चरितार्थ चालवत. उत्तर मध्ययुगात युरोपातील ज्यू वस्त्यांनी पगारी रब्बी नेमायला सुरुवात केली आणि ती पद्धत रुळली. साऱ्या ज्यूंवर हुकूमत चालवणारा एकच सर्वोच्च धर्मगुरू या धर्मात नाही. गुरूकडून किंवा विद्यापीठाकडून ‘स्मिखा’ ही मान्यता मिळाली की रब्बी शास्त्रनिर्णय देऊ शकतो. त्याला कामावर नेमतो तो मात्र स्थानिक समाज.

शाब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी तोरा या धर्मग्रंथावर प्रवचन देणे, मुलांना व प्रौढांना शिकवणे, आहारनियमांबाबतच्या शंका सोडवणे, विवाह लावणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे आणि शोकाकुल घराला धीर देणे ही रब्बीची नित्याची कामे. घटस्फोट आणि धर्मांतर यांसाठी ‘बेथ दीन’ हे, बहुधा तिघांचे, धर्मन्यायासन बसते. प्रार्थना म्हणण्याचे काम हझानचे, सुंता करण्याचे मोहेलचे, शास्त्रोक्त कत्तलीचे शोहेतचे आणि सिनेगॉगच्या देखभालीचे शमाशचे. लहान वस्तीत यांतली अनेक कामे एकाच माणसावर पडतात. हे पद शतकानुशतके पुरुषांपुरतेच होते. रेगिना योनास 1935 मध्ये जर्मनीत रब्बी झाल्या. 1944 मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. अमेरिकेच्या सुधारणावादी पंथाने 1972 मध्ये सॅली प्रीसँड यांना रब्बीपदाची मान्यता दिली.

रब्बीवाचूनही ज्यू समाज टिकू शकतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा कोकणात आहे. रायगड जिल्ह्यातील गावांत तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली हे कोकणातले ज्यू शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सुंता, खवले नसलेले मासे वर्ज्य करणे आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढी शिदोरी त्यांनी रब्बीविना जपली. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थांनी त्यांना ज्यू म्हणून ओळखले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना विधी शिकवले, असे समाजाची परंपरा सांगते. या तिघांचे वंशज ‘काझी’ म्हणून गावोगावी जाऊन लग्ने लावत आणि तंटे सोडवत. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. त्यानंतर मुकादम, चौगुले, गबाई, हझान आणि शमाश अशा पदांनी कारभाराची घडी बसली. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. कोचीच्या ज्यूंकडून आणि बगदादी ज्यूंकडूनही या समाजाने शिक्षण घेतले.

रब्बी नसण्याची किंमत मात्र इस्रायलमध्ये स्थलांतर केलेल्या बेने इस्रायलींना मोजावी लागली. तेथे ज्यूंचे विवाह व घटस्फोट 1953 च्या कायद्याने धर्मन्यायासनांच्या अखत्यारीत आहेत. पूर्वजांचे घटस्फोट ‘गेट’ हे शास्त्रोक्त घटस्फोटपत्र देऊन झाले नसावेत, अशी शंका घेऊन काही रब्बींनी बेने इस्रायलींचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात, 1962 मध्ये, वधूवरांच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करण्याच्या सूचना निघाल्या. समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केले. 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, त्यांना पूर्ण ज्यू मानावे असा ठराव केला आणि त्यानंतर सूचनांमधला बेने इस्रायलींचा वेगळा उल्लेख वगळण्यात आला.

शास्त्राचा अर्थ लावण्याचा हक्क रब्बीचा आहे आणि तो विद्येने मिळवलेला असल्याने आदरास पात्र आहे. पण ज्यांनी गुरू, ग्रंथ आणि न्यायासन यांच्यावाचून शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्या ज्यूपणावर शंका घेणे हा त्या हक्काचा गैरवापर होता. समाजाने आचरणाने दिलेली साक्ष कागदी वंशावळीपेक्षा मोठी मानली पाहिजे.