गर्दी आम्ही करतो म्हणे!

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याच्या छातीत कळ आली. रात्री अकरा वाजता त्याला शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. माणूस घामाने निथळतोय, बहिणीच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि काउंटरवरचा पहिला प्रश्न : "कॅशलेस की कॅश?" दुसरा : "पॉलिसी कितीची?" छातीत कुठे दुखतं, हे विचारायला तिसरा नंबर लागला. राजेहो, आपल्या आरोग्यव्यवस्थेचं सगळं अर्थशास्त्र या तीन प्रश्नांच्या क्रमात आहे.

पण परिषदांतल्या विद्वानांना हा काउंटर दिसत नाही. त्यांचं प्रवचन ठरलेलं आहे. विमा मिळाला की लोकांना उपचार स्वस्त वाटतात, ते नको तेवढी मागणी करतात, मग खर्च वाढतो आणि सगळ्यांचाच प्रीमियम चढतो. याला ते 'मॉरल हझार्ड' म्हणतात. थोडक्यात, नीती आमची बिघडली.

फुकट आहे म्हणून हौसेने पित्ताशय काढून घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय? लग्नात फुकटची चौथी जिलेबी माणूस खाईल. चौथी अँजिओग्राफी कोणी मागून घेत नाही. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या बाकांवर बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीहून आलेली माणसं बसलेली असतात. वावर गहाण टाकून आलेल्या त्या माणसाला 'अतिमागणी'चा दोष देणाऱ्याने एकदा त्याच्या शेजारी बसून पाहावं.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली हे नीट मांडून ठेवलंय. आजार कधी येईल ठाऊक नाही, उपचार लागू पडेल की नाही ठाऊक नाही, आणि विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. म्हणून आरोग्याचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. विद्वानांनी त्या लेखातला मॉरल हझार्ड तेवढा उचलला आणि बाकीचा लेख कपाटात ठेवला. इतवारीत साडी घेणारी बाई चार दुकानं फिरते, पदर उलटून पाहते, भाव पाडते. टेबलावर आडवा पडलेला माणूस स्टेंटचा भाव कसा पाडणार? मागणी डॉक्टर लिहितो, पुरवठा त्याच इमारतीतून होतो, पैसे तिसराच भरतो. आमच्या वाट्याला फक्त सही येते. आणि आम्ही म्हणे ग्राहक!

आकडा सरकारीच घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, खाजगीत ४७.४ टक्के. बाईचा देह तोच, बाळाची वाटही तीच. थोडा फरक रुग्णांच्या निवडीचा असेल, पण तिपटीहून जास्त? ही मागणी त्या बायकांनी केली की कोणी त्यांच्याकडून करवून घेतली?

आता विम्याची रचना पाहा. बहुतेक पॉलिसींत काही ठरावीक उपचार सोडले, तर किमान २४ तास भरती झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्यामुळे घरी पडून बरा होणारा तापही खाटेवर चढतो. "एक दिवस भरती करून घेऊ, क्लेम बसेल," हे वाक्य नागपुरात किती जणांनी ऐकलंय, हात वर करा! रक्तदाबाची रोजची गोळी स्वतःच्या खिशातून घ्यायची. ती परवडेना म्हणून अर्धांगवायू झाला, की विमा लाखो रुपये मोजणार. आणि खाट भरली म्हणून दोष पुन्हा रुग्णाला. ज्या रचनेत भरतीशिवाय पैसा हलत नाही, तिथे भरती वाढणारच. त्यासाठी कोणाची नीती तपासायची गरज नाही, नियम वाचला तरी पुरे.

खोलीभाड्याचा नियम तर शुद्ध अन्याय आहे. पाच लाखांची पॉलिसी, भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. रिकामी होती म्हणून मेहुण्याला ८,००० ची खोली मिळाली. विम्याने जादा भाडं तर कापलंच. डॉक्टरांच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंतची रक्कमही त्याच प्रमाणात कापली. का? तर रुग्णालयाचे हे दरही खोलीच्या दर्जानुसार चढतात. डॉक्टर तोच, टेबल तेच, सुई तीच. खोलीला पडदे बरे होते म्हणून हृदय महाग झालं. याचं समर्थन कोणत्या शास्त्रात आहे, ते विद्वानांनी आलेखासकट दाखवावं.

वर कर! सोन्याच्या दागिन्यावर ३ टक्के जीएसटी आणि आजारपणाच्या तरतुदीवर १८ टक्के, असा कारभार या देशात आठ वर्षं चालला. त्याविरुद्धचा नेमका आवाज नागपुरातून उठला, हे अभिमानाने सांगतो. इथल्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेने निवेदन दिलं आणि जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी स्वतःच्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हा कर काढायला सांगितलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींवरचा कर गेला. चांगलं झालं. पण प्रीमियम चढतो तो बिलामुळे, आणि बिलाला लगाम कुठे आहे? साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी विचारावं, असं विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. रुग्णालयाच्या दराबद्दल असं बजावणारा कोणी नाही.

सरकारनेही भरतीच्या विम्याचीच वाट धरली. राजीव गांधी जीवनदायी योजनेचा राज्यभरचा शुभारंभ नोव्हेंबर २०१३ मध्ये इथेच, नागपुरात झाला. तेव्हा संरक्षण दीड लाखाचं होतं. पुढे योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि २०२३ मध्ये रक्कम पाच लाख करायचं ठरलं. योजनेने जीव वाचलेत, ते मी नाकारणार नाही. पण तिचाही पैसा प्रामुख्याने खाटेभोवतीच फिरतो : मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिस मिळेल, मधुमेह आटोक्यात ठेवणारी गोळी गावातल्या केंद्रात मिळेलच, याची हमी नाही. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असं २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने लिहून दिलं. २०२१-२२ मध्ये, ऐन करोनात, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. नागपुरातली सरकारी रुग्णालयंच पाहा : आपलं 'मेडिकल' १९४७ सालचं, आपलं मेयो त्याहूनही जुनं. ती सरकारने भक्कम केली, तर खाजगी बिलाला आपोआप स्पर्धा मिळेल. हे सांगायला परिषद लागत नाही.

उपाय शोधायला परदेशातही जावं लागत नाही. नागपूरहून दीड-दोन तासांवर सेवाग्राम आहे. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार दशकांपूर्वी ज्वारीवर विमा उभा केला. सुगी झाली की घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची : ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. किमान पाऊण गाव सामील झालं तरच योजना लागू, म्हणजे धडधाकटही आले आणि फक्त आजारीच विमा घेतात ही कंपन्यांची रड संपली. अवचित आजाराला उपचार मोफत. आधीपासून ठाऊक असलेल्या हर्निया-मोतीबिंदूला थोडा वाटा रुग्णाचा. आणि मुख्य म्हणजे, तिथले डॉक्टर पगारी, खाजगी प्रॅक्टिस बंद; जास्त लिहून जास्त मिळवायची सोयच नाही. मॉरल हझार्डवर ग्रंथ लिहिणाऱ्यांना जमलं नाही, ते शेतकऱ्यांच्या पायल्यांनी जमवून दाखवलं.

तेव्हा आपल्या हातातलं आधी करू या. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णालयाला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. नातेवाईक भरती असेल तेव्हा ती पाटी शोधा. नसेल तर मागा, लेखी मागा, शेजारच्या बाकावरच्यालाही मागायला सांगा. आणि उद्या सभागृहातून कोणी म्हणालं की लोक फुकटाला सोकावलेत, तर उभं राहून एवढंच विचारा : सही आमची होती हे खरं, पण भरती लिहिली कोणी?