दरीत उतरायच्या आधी वर बघा



भाताचं रोप बावीस दिवसांचं झालंय. पाऊस असाच टिकला तर दोन-चार दिवसांत लावणी धरतो. पण आजची नोंद शेतातली नाय, प्लस व्हॅलीची आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून माणगावला जाताना ताम्हिणी घाटात एक खोल दरी लागते. दोन दऱ्या एकमेकीला आडव्या छेदतात, वरून बघितलं की अधिकचं चिन्ह दिसतं, म्हणून शहरातल्या पोरांनी हे नाव दिलं. तळाला कातळात कुंडं आहेत. फोटो लय भारी येतात. पुण्यापासून दोन तासांचा रस्ता, त्यामुळं रविवारी गाड्यांची रांगच लागते.

परवाच्या रविवारी दूध घालून येताना चार पोरं बूट बांधत उभी दिसली. म्हणलं, "बाबांनो, आज उतरू नका." एक जण हसून म्हणाला, "काका, ऊन पडलंय की!"

इथंच सगळी गफलत होते. तुम्ही डोक्यावरचं आभाळ बघता. दरीत पाणी येतं ते मागच्या पठारावरून. पठारावर माती वीतभर, खाली सगळा कातळ. पाणी मुरायला जागाच नाय, पडलं की धावतंय. वर अर्धा तास सर कोसळली तरी खाली कुंडाजवळ ऊनच असतं, आणि दरीच्या भिंती एवढ्या उंच की ढग दिसतच नाय. घाटातला पाऊस म्हणजे काय ते आकड्यात सांगतो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर नोंदला गेला. आमच्या देशावरच्या पाव्हण्यांकडं पूर्ण वर्षात एवढा पडला तर ते पेढे वाटतील.

दुसरी गोष्ट चढाची. गड चढताना दम आधी लागतो, उतार नंतर येतो. दरीचं उलट. ताज्या पायानं घसरत, हसत तासाभरात खाली जाता. मग पोहणं, खाणं, फोटो. आणि उभा चढ येतो तो थकलेल्या पायाला, ओल्या कपड्यात, वर अंधार पडायला लागलेला.

हे पुस्तकातलं नाय सांगत. दहावीची परीक्षा देऊन घरी होतो त्या पावसाळ्यात आमचं वासरू चुकलं म्हणून मी एका घळीत उतरलो. ऊन होतं. घोट्याएवढं नितळ पाणी बघताबघता चहासारखं झालं, वाळकी पानं अन् काटक्या तरंगत आल्या आणि आवाज बदलला, जड झाला. मी धोंड्यावर चढलो. पाणी कमरेएवढं व्हायला विडी ओढायला लागतो तेवढा पण वेळ लागला नाय. रात्र तिथंच काढली, सकाळी वडील दोर घेऊन आले. वासरू आधीच गोठ्यात परतलेलं! तेव्हा पाणी गढूळलं, पानं आली की मोबाईल काढू नका, प्रवाह ओलांडू नका, ज्या काठाला आहात त्याच काठानं वर सरका.

२०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. त्याच सुमाराला प्लस व्हॅलीत कुंडात उडी मारलेला एक जण वाहून गेला. मग जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघाले. बंदीला माझा विरोध नाय. पण नुसत्या फलकानं भागत नाय, फलकापाशी उभं राहूनच लोक सेल्फी काढतात. माझं मत सरळ आहे. जून ते सप्टेंबर दरीत कोणीच उतरू नये. दिवाळीनंतर या, वनखात्याचे नियम पाळा, कारण २०१३ पासून हे अभयारण्य आहे. आणि आमच्यातला एक माणूस बरोबर घ्या. वाटेवर देखरेख ठेवायचं काम गावालाच द्यावं.

कोणी म्हणेल, काकाला पैसे पाहिजेत. पाहिजेत की! दिवसाची मजुरी मिळाली तर आमची पोरं कंपनीत कंत्राटावर कशाला जातील? आता तर फुकट जावं लागतं. दरीत कोणी अडकलं की लावणीचा चिखल तसाच सोडून दोर घेऊन आम्हीच धावतो, अन् रोप बांधावर वाळतं.

त्या चौघांनी माझं ऐकलं नाय. दुपारी एकला पठारावर काळं झालं. मी बांध घालत होतो, पण लक्ष रस्त्याकडं. पाच वाजता जाऊन बघितलं, गाडी तिथंच. घरी फोन करून दोर काढून ठेवायला सांगितला. साडेसहाला चौघं झाडीतून वर आले. एकाच्या पायात बूट नव्हता, दुसऱ्याचं कोपर फुटलेलं. सकाळी हसलेला पोरगा गप्प होता. घरी आणून चहा दिला. त्यानं दोन कप घेतला.