हकचं फाडलेलं पत्र

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधला हक मिस वॉटसनला चिठ्ठी लिहितो : तुमचा पळालेला गुलाम जिम इथे आहे. मग ती फाडतो. आता आपण नरकात जाणार, याची त्याला खात्रीच असते! गुलामाला पळवणं म्हणजे चोरी, असं गावाने शिकवलेलं. ती शिकवण खोटी होती, हे त्याला कधी उमगत नाही. पात्राची उंची आम्हाला या न उमगण्यातच दिसते. १८८५ साली, गुलामगिरी कायद्याने संपून जवळपास २० वर्षं झाल्यावर अमेरिकेत निघालेल्या या कादंबरीचा शेवट मात्र खटकतो. मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केलंय. हकचा मित्र टॉम सॉयर याला ते ठाऊक आहे. तरी निव्वळ मौजेखातर तो जिमच्या सुटकेचं नाटक लांबवतो, आणि हक, कुरकुरत का होईना, त्याला साथ देतो.