परदेशी भुकटी आणि मावळचे दूध

परदेशी मालावर जबर जकात बसविली की देशी उत्पादक निर्धास्त झाला, असा समज आमच्या पेठांतून रूढ आहे. दुधाच्या भुकटीवर शेकडा ६० जकात आहे. मग आंदर मावळात किंवा पवन मावळात दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबास परदेशी भुकटीची धास्ती का वाटावी? याचे कारण जकातीच्या उंच दरवाजास ठेविलेल्या एका लहानशा दिंडीत सापडते.

जुन्या करारांनी भुकटीवरील जकात शून्यावर बांधली गेली होती. १९९९ साली फेरवाटाघाट करून भारत सरकारने ती शेकडा ६० पर्यंत नेण्याचा अधिकार मिळविला आणि मोबदल्यात दरसाल १० हजार टन भुकटी शेकडा १५ जकातीने येऊ देण्याचे कबूल केले. ही कबुली गैर होती, असे आम्ही म्हणत नाही. किलोभर भुकटीस सुमारे ११ लिटर दूध धरले, तर हा सारा कोटा ११ कोटी लिटरांचा होतो. २०२३-२४ साली देशाचे दूध सुमारे २३ कोटी ९३ लाख टन, म्हणजे दिवसास ६५ कोटी किलोंहून अधिक होते. कोट्याची भुकटी म्हणजे देशाचे अवघे चार तासांचे दूध! एवढ्याने बाजार बसू नये. परंतु ही दिंडी भलत्या वेळी उघडते.

२०२० साली टाळेबंदीत लोणावळ्याची हॉटेले व फजची दुकाने बंद पडली. उरलेले दूध लिटरास २५ रुपये देऊन विकत घ्यावे आणि त्याची भुकटी करावी, असा उद्योग महाराष्ट्र सरकारास करावा लागला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने कोट्याची आयात खुली केली. एका सरकारने प्रजेच्या पैशाने भुकटी साठवावी व दुसऱ्याने ती परदेशातून मागवावी, या कारभारास काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. २०२४ साली पुन्हा तेच. जानेवारीत गायीच्या दुधास लिटरमागे ५ रुपये अनुदान, आणि जूनमध्ये परदेशी भुकटीस सवलत. दोन्ही वेळी दूध-उत्पादक रस्त्यावर आले, यात नवल ते काय? जूनमध्ये हुकूम निघाला तर माल बंदरात लागेपर्यंत पाऊस सरत येतो, हिरवा चारा मुबलक होतो आणि म्हशी विण्याचा हंगाम येऊन ठेपतो. शिवाय गायीच्या दुधाचा खरेदीदर भुकटी व लोणी यांच्या भावावर हेलकावतो. पोती उतरण्यापूर्वी नुसती वार्ताच संकलन केंद्रावर दर पाडण्यास पुरते. कित्येक खरेदीदारांस तर ती आयते निमित्त होते. पेंडीचा भाव मात्र अशा वार्तेने उतरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

परदेशी भुकटी मुळातच विषारी, असेही नव्हे. १९७० साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेत १ लाख २६ हजार टन भुकटी व ४२ हजार टन बटर ऑइल दानरूपाने आले. ते फुकट वाटून किंवा स्वस्तात विकून देशी दुधाचा भाव पाडला नाही. बाजारभावाने विकून त्या पैशांतून उत्पादकांच्या सहकारी दूधसंस्था उभारल्या. आज मावळात स्त्रियांच्या मालकीची दूध-उत्पादक कंपनी चालते, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

२०१९ साली आशियाई देशांच्या मोठ्या व्यापार-करारातून आपण दूर राहिलो. ऑस्ट्रेलिया व ब्रिटन यांच्याशी झालेल्या करारांतही दूधदुभते वगळले. मुख्य दरवाजाची राखण चालली आहे, तशीच दिंडीचीही व्हावी. खरेदीदर अमुक मर्यादेच्या वर असेल व देशातील साठा अमुक पातळीखाली गेला असेल, तरच कोटा उघडावा. आणि त्या दोन्ही मर्यादा वर्षारंभीच छापून प्रसिद्ध कराव्यात.

लोणावळ्याच्या मिठाईवाल्या बंधूंसही एक सांगणे आहे. चिक्कीस दूध लागत नाही, फजला लागते. आपला माल ताज्या दुधाचा की भुकटीचा, हे त्यांनी डब्यावर ठळक अक्षरांत छापावे. नाणे मावळातले दूध त्यांच्या दारापासून काही लांब नाही.